एरंडेल, सुंठ आणि सहाण : घरगुती औषधांचा पुनर्विचार



स्मृतिव्याख्यानासाठी मी एरंडेलासारखा विषय निवडला आहे हे कळताच दोघा-तिघा मित्रांनी हसत हसत विचारले, "म्हणजे यंदा एरंडाचे गुऱ्हाळ तर नव्हे?" हा वाक्प्रचार मोठा मार्मिक आहे. एरंडाचा दांडा चरकात कितीही पिळला तरी त्यातून उसासारखा रस निघायचा नाही. म्हणून निष्फळ लांबणाऱ्या बोलण्याला आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले. ज्या देशात झाडेच नाहीत तिथे एरंडालाही वृक्ष म्हणतात, अशा अर्थाचे एक सुभाषितही संस्कृतात आहे. थोडक्यात, साहित्यिकांनी या झाडाची थट्टाच केली. पण त्याच थट्टेखोर समाजाने पिढ्यान् पिढ्या आपली मुले याच झाडाच्या तेलावर वाढवली. त्या मागे शहाणपण किती, भाबडेपणा किती आणि धोका किती, याचा हिशेब मांडावा एवढाच माझा आज हेतू आहे. माझे आयुष्य औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात गेले, त्यामुळे हा हिशेब मांडण्याचा थोडा अधिकार आणि थोडी जबाबदारीही माझ्याकडे येते.

एरंडेलाचा रविवार

माझ्या वयाच्या श्रोत्यांना त्या रविवारांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. बडोद्यातल्या मराठी वाड्यांतून महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, आणि परीक्षा संपल्यावर तर हटकून, 'कोठा साफ' करण्याचा दिवस उगवे. ओळीने उभी केलेली भावंडे, चहात किंवा सुंठीच्या काढ्यात मिसळलेले ते घट्ट, पिवळसर, संथ हलणारे तेल, एका हाताने नाक चिमटीत धरणारी आजी, आणि नंतर जिभेवर ठेवलेली लिंबाच्या लोणच्याची फोड. दिवसभर घर सोडून कुठे जाण्याची सोय नसे. संध्याकाळी गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप मिळे, आणि त्या भाताची चव पुढे कोणत्याही मेजवानीला आली नाही. शेजारच्या गुजराती घरांतूनही हाच सोहळा 'दिवेल' या नावाने होई. आपण ज्याला 'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा' म्हणतो, त्याला तेही दिवेल प्यायलेले तोंडच म्हणतात. दोन भाषांना एकच उपमा सुचावी इतका तो अनुभव सार्वत्रिक होता.

हा आग्रह केवळ वडीलधाऱ्यांच्या लहरीतून आला नव्हता. त्या काळी मुलांच्या पोटात जंत असणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. किरमाणी ओव्यातील सँटोनिन हे द्रव्य जंतांवर दिले जाई आणि सुस्त झालेले जंत बाहेर पडावेत म्हणून त्यानंतर रेचक देण्याची पद्धत होती. शिवाय बहुतेक रोगांचे मूळ पोटात असते, ही समजूत केवळ आपल्याकडेच होती असे नाही. आतड्यात साचलेल्या मळातून शरीरभर विष भिनते, हा सिद्धांत विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील नामवंत डॉक्टरही मांडत होते. तो पुढे टिकला नाही. परंतु आपली आजी अडाणी आणि परदेशी डॉक्टर शहाणा, असा सरसकट निवाडा देण्यापूर्वी दोघांचीही चूक एकच होती, हे ध्यानात ठेवावे.

दिव्याचे तेल, पोटाचे तेल

एरंडाचा परिचय मानवाला फार जुना आहे. इजिप्तमधील एबर्स पपायरस या इ. स. पूर्व सुमारे १५५० मधील वैद्यक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. चरकसंहितेने एरंडमुळाला वातनाशक द्रव्यांत अग्रस्थान दिले आहे. पानाचा आकार पसरलेल्या पंजासारखा म्हणून संस्कृतात त्याला पंचांगुल आणि गंधर्वहस्त ही नावे पडली. लिनिअसने १७५३ साली त्याला 'रिसिनस' हे नाव दिले, त्याचा लॅटिनमधील अर्थ गोचीड. ठिपक्याठिपक्यांची ती चकचकीत बी पाहिली की नावाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

आपण ज्या भूमीत वाढलो तिचे तर हे खास पीक. जगातील एरंडीचा फार मोठा हिस्सा भारतात पिकतो आणि भारतातील बहुतांश गुजरातेत, विशेषतः उत्तरेकडील मेहसाणा, पाटण, बनासकांठा या भागांत. एरंडीचे 'जीसीएच-३' हे पहिले संकरित वाण १९६८ साली गुजरातेतच प्रसारित झाले. 'दिवेल' हा गुजराती शब्द सरळ दिव्याच्या तेलाकडे बोट दाखवतो: रॉकेल येण्यापूर्वी हे तेल घराघरांतून जळत होते. काजळ त्याच्याच काजळीचे धरले जाई, तळपायाला काशाच्या वाटीने तेच चोळले जाई, दुखऱ्या गुडघ्यावर एरंडाचे पान गरम करून बांधले जाई, आणि वर्षाचे गहू व तूरडाळ कीड लागू नये म्हणून आजही त्याच तेलाचा हात देऊन ठेवतात. बाहेरच्या जगात त्याने याहूनही मोठा प्रवास केला. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल वापरले गेले. 'कॅस्ट्रॉल' हे प्रसिद्ध वंगणाचे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच १९०९ साली घडवले गेले. आणि इटलीत मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांनी १९२० च्या दशकात राजकीय विरोधकांना बळजबरीने हेच तेल पाजून त्यांची विटंबना केली. आजीच्या हातातील वाटी आणि फॅसिस्टांच्या हातातील बाटली यांत द्रव्य तेच होते. मात्रा आणि हेतू बदलला की औषधाचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तेल काम कसे करते?

एरंडाच्या बीमध्ये सुमारे निम्मे तेल असते. या तेलातील मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्ल या एकाच आम्लाचा असतो. शेंगदाण्याच्या, तिळाच्या किंवा करडईच्या तेलात असा प्रकार नाही. एरंडेल पोटात गेल्यावर लहान आतड्यातील पाचक रस त्याचे विघटन करतात आणि हे आम्ल मोकळे होते. मग ते आतड्याच्या स्नायूंना चेतवते, आणि दोन ते सहा तासांत परिणाम दिसतो. म्हणजे आजीच्या मनातील 'तेलाने आतडे बुळबुळीत होऊन मळ घसरतो' हे चित्र पूर्ण खरे नव्हे. तसे असते तर कोणतेही गोडे तेल पुरले असते.

हे चेतवणे नेमके कसे होते, याचा उलगडा व्हायला मात्र २०१२ साल उजाडले. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंमधील 'ईपी-३' नावाच्या ग्राहीवर बसते. ज्या उंदरांमध्ये हा ग्राही नव्हता त्यांच्यावर एरंडेलाचा रेचक परिणाम झालाच नाही. हाच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंतही असतो. गर्भवतीला एरंडेल देऊ नये, हा जुन्या जाणत्या सुइणींचा दंडक आणि दिवस भरूनही कळा येत नसतील तर एरंडेल पाजण्याची त्यांचीच प्रथा, या दोन्हींचे कारण एका रेणूत सापडले. दंडक योग्य होता. प्रथा मात्र वैद्यकीय देखरेखीविना धोक्याची आहे.

आणखी एका बाबतीत परंपरेने विज्ञानाच्या कितीतरी आधी योग्य वाट धरली होती. एरंडाची बी विषारी आहे. तिच्यातील 'रिसिन' हे प्रथिन इतके जहाल, की १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांचा खून त्याच्या एका सूक्ष्म गोळीने करण्यात आला. मग आपण वाचलो कसे? रिसिन तेलात विरघळत नाही. ते मागे पेंडीत राहते. शिवाय गावाकडे एरंडी भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढीत, त्या उष्णतेने उरलेसुरले विषही निकामी होई. आणि ती पेंड गुरांना न घालता शेताला खत म्हणून देण्याची शेतकऱ्याची रीत होती. प्रयोगशाळा नसतानाही निरीक्षणाने काय साधते, ते येथे दिसते. मात्र बी चघळू पाहणाऱ्या मुलाला आजही सावधच केले पाहिजे.

आता इतर देशांप्रमाणे आपल्याकडेही एरंडेल मागे पडले आणि त्याची जागा इसबगोलाने घेतली. योगायोग असा, की त्याचीही मोठी बाजारपेठ उत्तर गुजरातेतच, उंझ्याला आहे. इसबगोल स्नायूंना चेतवीत नाही. भुसा पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ होतो. म्हणून रोजच्या तक्रारीला ते बरे. एरंडेल मात्र वारंवार घेतल्यास शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. महिन्या-दोन महिन्यांनी सक्तीने कोठा साफ करण्याची निरोगी मुलाला मुळीच गरज नसते, हे आता निःसंदिग्धपणे सांगता येते.

जेथे प्रेम घातक ठरते

या विषयाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५० च्या दशकात आमच्या गल्लीत एका मुलाच्या पोटात दुखू लागले. पोट फुगले आहे, दोन दिवस शौचाला झाले नाही, तेव्हा घरच्यांनी त्याला एरंडेल दिले. दुखणे आधी बेंबीभोवती होते, मग उजवीकडे खाली सरकले. ताप चढला, उलट्या झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. आंत्रपुच्छाचा दाह होता आणि ते फुटले होते. त्याच्या आईने जे केले ते त्या काळी कोणत्याही आईने केले असते. म्हणूनच मी ही घटना सांगतो. दोष तिचा नव्हता. दोष होता तो, कोणत्या दुखण्यात हे औषध मुळीच द्यायचे नाही, हे तिच्यापर्यंत कोणी पोहोचवले नव्हते याचा. सुजलेल्या आतड्याला जोराने आकुंचित करणारे रेचक दिले की ते फुटण्याचा संभव वाढतो. कारण न समजलेल्या पोटदुखीत, उलटीत आणि तापात रेचक देऊ नये. या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यायचे असेल, तर हे न्यावे.

याच पंक्तीत आणखी काही प्रथा बसतात. लोखंड तापवून पोटाला डाग देणे ही तर निव्वळ इजा. रडणारे मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूचा कण देण्याची चाल मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आयांमध्ये होती. मूल शांत होई, कारण त्याची भूक आणि श्वास दोन्ही मंदावत. नवजात बाळाला मध चाटवणे आपल्याकडे मंगल मानले जाते. परंतु मधात काही वेळा अशा जिवाणूंचे बीजाणू असतात, की जे तान्ह्या आतड्यात रुजून लकवा आणतात. हा रोग १९७६ साली ओळखला गेला. वर्षाच्या आतील बाळाला मध नको, हा नियम त्यातून आला. गुजरातेतील गळथूथीची, म्हणजे बाळाच्या तोंडात प्रथम गुळाचे पाणी घालण्याची रीतही याच कारणासाठी सोडली पाहिजे, की तिच्यामुळे आईचे पहिले चिकाचे दूध मागे पडते.

सहाणेवरची गुटी

बाळगुटी हा आपल्या घरांतील सर्वांत हळवा विषय. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, हिरडा, बेहडा, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, वावडिंग, खारीक, बदाम अशी ती पुरचुंडी. आणि सहाणेवर आईच्या दुधात उगाळताना प्रत्येकाचे वेढे मोजण्याची शिस्त. वयानुसार वेढे वाढत. ही खरोखर मात्रेची पद्धत होती. तराजू नसलेल्या घरात वेढा हेच मापन. आजच्या औषधविक्रेत्याला ज्या शिस्तीची आठवण करून द्यावी लागते, ती त्या आज्यांच्या बोटांत होती.

तरीही शास्त्राचा कौल मवाळ करून सांगता येत नाही. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने केवळ आईचे दूध देण्याची शिफारस केली. पाणीही नको, मग गुटी दूरच. वेखंडात बीटा-असारोन नावाचे अपायकारक द्रव्य असू शकते. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाबाचे जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. पण ज्याला आपण मागासलेले म्हणून टाकले, त्याचेच विलायती रूप बाटलीत आले की आपण ते आनंदाने विकत घेतले. १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेल्या ग्राइप वॉटरमध्ये शेपूच्या बियांचे, म्हणजे आपल्या बाळंतशेपाचे तेल होते, सोडा होता आणि चक्क मद्यार्कही होता. ब्रिटनमध्ये तो मद्यार्क १९९२ साली काढण्यात आला. सहाणेला एक न्याय आणि बाटलीला दुसरा, असे होता कामा नये.

गुटीने आपल्या भाषेला मात्र एक शब्द कायमचा दिला. 'बाळकडू' हा मूळचा कडू औषधाचा शब्द. पण आज तो लहानपणी मिळालेल्या संस्कारासाठी आपण वापरतो. या शाळेत आपल्याला मिळाले तेही बाळकडूच.

जे कसोटीला उतरले

हिशेबाची जमेची बाजूही मोठी आहे. ओव्यात थायमॉल असते आणि ते जंतुनाशक आहे. 'ओव्याचे फूल' म्हणून मिळणारे स्फटिक ते हेच. त्यात कापूर आणि पेपरमिंट मिसळले की तिन्ही घन पदार्थ पाहता पाहता पातळ होतात, ती अमृतधारा. दात दुखला की लवंग दाबून धरावी, हा सल्ला देणारी आजी आणि दातातील खड्डा जस्ताच्या भस्मात युजेनॉल कालवून भरणारा दंतवैद्य, दोघेही लवंगेचेच द्रव्य वापरतात. मुलांच्या साध्या खोकल्याला मध उपयोगी पडतो, असे ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१८ साली सांगितले. अर्थात एक वर्षानंतरच्या मुलांना. 'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण तयार करणाऱ्यांना, बरेचसे खोकले औषधावाचूनच जातात, हेही ठाऊक असावे.

पण माझ्या मते सर्वांत मोठा मान पेजेचा आहे. गोव्यात उकड्या तांदळाची, आपल्याकडे साध्या तांदळाची. मीठ घातलेली पातळ पेज आजाऱ्याला देण्याची रीत सर्वत्र होती. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे दोन्ही शोषते आणि त्यांच्यापाठोपाठ पाणी आत येते, हे त्यातले मर्म. भाताच्या पेजेतील पिष्ट पचून त्याची साखरच होते. म्हणजे मीठ घातलेली पेज हे त्याच तत्त्वावरचे घरगुती औषध होय. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, हे माप प्रत्येक घरात पाठ असावे. आपल्या दुसऱ्या परंपरेने, म्हणजे जुलाब होत असताना मुलाचे पाणी आणि अन्न तोडण्याच्या लंघनाने, किती मुले गमावली असतील याची नोंद कुठेच नाही. एकाच स्वयंपाकघरात तारक पेज आणि मारक लंघन शेजारी शेजारी नांदत होते.

हळदीची गोष्ट तर न्यायालयाच्या दारापर्यंत गेल्यासारखी आहे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे एकस्व देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातील माशेलचे. हळदीचा हा उपयोग जुनाच आहे, याचे लेखी पुरावे सादर झाले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. या लढ्याचा धडा लक्षात घ्यावा. 'आमची आजी लावीत असे' हे तेथे पुरेसे ठरले नसते. छापलेले ग्रंथ आणि जुने लेख उपयोगी पडले. मात्र परंपरा जुनी आहे हे सिद्ध होणे निराळे आणि ती गुणकारी आहे हे सिद्ध होणे निराळे. पोटात घेतलेल्या हळदीतील कर्क्युमिन शरीरात फारच थोडे शोषले जाते. हळदीच्या दुधाने घशाला आराम पडतो, म्हणून ते अवश्य घ्यावे. त्याने मोठे रोग हटतील अशी अपेक्षा ठेवून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

चार प्रश्न

तेव्हा घरगुती औषध हाती घेताना चार प्रश्न विचारावेत. दुखण्याचे कारण कळले आहे काय? रोगी तान्हे मूल, गर्भवती किंवा अतिवृद्ध तर नाही ना? मात्रा किती आणि ती कोणी ठरवली? आणि किती वेळात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जायचे? जुन्या जाणत्या वैद्यांपाशी या चारही प्रश्नांची उत्तरे असत. आजच्या ऐकीव सल्ल्यांतून औषधाचे नाव तेवढे पोहोचते, ही चार उत्तरे वाटेतच गळून पडतात. परंपरा अर्धवट पोहोचली की ती मूळ परंपरेपेक्षा अधिक धोकादायक होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी अजून ऐंशी-नव्वदीच्या आजी, मावशी, आत्या आहेत, त्यांनी एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. औषधाचे नाव, त्याचे स्थानिक गुजराती नाव, कोणता भाग, किती, कशातून, कोणाला देत आणि कोणाला मुळीच देत नसत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पिशवीतील मुळ्या-काड्या ओळखून घ्याव्यात, त्यांच्यासोबत ही ओळखही नाहीशी होते आहे. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर वनस्पतिशास्त्र आणि औषधशास्त्र शिकणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्यांना त्यांची पारख करता येईल. त्यातील काही गोष्टी टाकाव्या लागतील, काही टिकतील. पण पारखण्यासाठी आधी त्या हाती असल्या पाहिजेत.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला प्रत्येक उत्तराखाली 'कारण द्या' असे लिहायला शिकवले. एरंडेलाच्या वाटीलाही तोच प्रश्न विचारण्याची संधी शाळेने मला दिली.